परिच्छेद ४.२

बेलापूरला सातव्या मजल्यावर माझं टेबल आहे.
खिडकीतून पारसिकचा डोंगर अर्धा दिसतो,
उरलेला अर्धा खाणवाल्यांनी नेला.
गेले तीन आठवडे मी इथे बसून
ध्रुवाजवळचा वायू लिहिते आहे.

"देशाच्या ऊर्जासुरक्षेसाठी
उत्तर ध्रुवीय साठ्यांत दीर्घ मुदतीची भागीदारी
विचारात घ्यावी."
घ्यावी, की घेता येईल,
यावर कुलश्रेष्ठ सरांनी अख्खा मंगळवार घालवला.
शेवटी "घेणे इष्ट ठरेल" झालं.
इष्ट.
आमच्याकडे हा शब्द देवाला लावतात.

तक्त्यात आखाताचा हिस्सा लाल,
ध्रुवाचा फिकट निळा.
एका चिंचोळ्या सामुद्रधुनीवर सगळा भार नको,
हे मला पटतं. खरंच पटतं, चेष्टा नाही करत.
घणसोलीला मावशीकडे पाइपचा गॅस आला
तेव्हा तिने सिलिंडरची गोल खूण घासून घासून पुसली,
तिथे तांदळाचा डबा ठेवला,
आणि दोन दिवस उगाचच शेगडी लावून बघत होती.
ज्योतीला, बाई, तू कुठली, असं विचारणं
तिच्या मनातही आलं नाही.
का यावं?

रात्री दिवाळ्याला घरी.
बाबा बर्फाच्या कारखान्यातून आलेले.
हसुराम कोळी, अठ्ठावीस वर्षं अमोनियाच्या वासात,
उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत,
घास तिसऱ्याच कोनातून तोंडात जातो.
मी सांगितलं, वर टोकाला गॅस आहे.
तिथला बर्फ हटत चाललाय, जहाजांना वाट मिळतेय.
गॅस उणे एकशे बासष्टवर नेतात,
मग तो पाण्यासारखा होतो, मग बोटीत भरतात.
"आमची लादी उणे धाच्या मिठाच्या पान्यान होतं,"
बाबा म्हणाले. "ते तं आमचे बाप."
एका कारागिराने दुसऱ्याला केलेला नमस्कार होता तो.

मग भात कालवता कालवता थांबले.
"तिकरं बरफ वितलला म्हनून गॅस गावला.
गॅसवर वीज.
विजेवर मी हिकरं बरफ करतंय.
यो काय धंदा झाला?"
आई म्हणाली, "आंदी कालवान निवतं, जेवा."

सकाळी जेट्टीवर लाद्या फुटत होत्या.
लादीच्या पोटात एक पांढरी रेघ असते.
पाणी बाहेरून आत गोठत येतं
आणि हवेला पळायला वाट उरत नाही, तिथे.
लहानपणी मी तेवढीच रेघ चोखायचे,
वेगळी लागते म्हणून भांडायचे.
वरच्या जुन्या बर्फातही अशीच हवा आहे म्हणे,
माणसाने पहिलं बी पेरलं त्याच्याही आधीची.
आता ती सुटत असेल.
कुठल्यातरी खलाशाच्या नाकात जात असेल,
त्याला शिंक येत असेल.

आत्माराम काकांनी पापलेटांवर चुरा पसरला,
म्हणाले, सर पोरी, पाय भिजतील.
भरती तिसऱ्या पायरीला लागली होती.

ऑफिसात मी ४.२ उघडला.
जोखमीच्या रकान्यात चार नोंदी होत्या:
निर्बंध, विमा, बर्फफोड्या जहाजाचं भाडं, रुपयाचा दर.
पाचवी मी घातली.
बर्फ.
सरांनी चष्मा वर केला.
"जास्त असण्याची जोखीम, की कमी असण्याची?"
दोन्ही, मी म्हणाले.
ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले,
आणि पुढच्या चौकटीत
"मध्यम" लिहिलं.

खाली सिग्नलला बर्फाचा टेम्पो उभा होता,
गोणपाटातून ठिबकत.
आमच्या कारखान्याचा असेल, नसेलही.
सुटला तेव्हा त्याच्यामागची ओली रेघ
टोकाकडून वाळायला लागली होती.